सायकलवाल्यांनी महापालिकेसाठी मत कसं द्यावं

नागपूर महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. तिची घोषणा झाली १५ डिसेंबरला, म्हणजे जेमतेम महिनाभर आधी. पण त्या दिवशी कुणाला मत देता येणार आणि कुणाला नाही, हे १ जुलै २०२५ लाच ठरून गेलं होतं, कारण राज्य निवडणूक आयोगाने त्या तारखेची विधानसभेची मतदार यादी महापालिकेसाठी घेतली. दिवाळीनंतर जागे झालेल्यांना तिच्यात शिरायला वाट उरली नव्हती.

पुढची निवडणूक नियमाप्रमाणे पाच वर्षांनी यावी. हा नियम किती ताणला जातो, तेही नागपूरकरांनी पाहिलं आहे. २१ फेब्रुवारी २०१७ ला निवडलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. निवडणुकीची तारीख आधी कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे खालची कृती आजच सुरू करायची आहे. आचारसंहिता लागण्याची वाट पाहिली, तर अर्धी कृती हातातून गेलेली असेल.

ही कृती रोज सायकल चालवणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. पहाटे सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरीकडे हेल्मेट घालून निघणारे गट पटकन नजरेत भरतात. नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, याचा या शहराला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण हिंगणा एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, कळमना बाजारातले हमाल, घरोघरी वर्तमानपत्र टाकणारी मुलं, धुणीभांडी करायला चार वस्त्या पालथ्या घालणाऱ्या बाया, ठिय्यावर उभे राहणारे गवंडी आणि शाळेत जाणाऱ्या मुली हेही सायकलवालेच आहेत. प्रचारात व्यापाऱ्यांची बैठक होते, ऑटोचालकांची होते, ज्येष्ठ नागरिकांची होते. सायकलवाल्यांची होत नाही, कारण ते एका जागी बसलेले कुणाला दिसत नाहीत. त्यांना एकत्र दिसायला लावणं हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे.

१. आधी हद्द पाहा

रोजच्या वाटेवर तुमची सायकल चार-पाच प्रभाग ओलांडत असेल. मत मात्र एकाच ठिकाणी मिळतं, जिथे रात्री पाठ टेकता तिथे. त्यामुळे पहिला प्रश्न असा की तुमचं घर नागपूर महापालिकेच्या हद्दीत आहे का? वाडी आणि कामठी इथे स्वतंत्र नगर परिषदा आहेत. हिंगणा आणि बेसा-पिपळा इथे नगर पंचायती आहेत. तिथे राहून रोज बर्डीला किंवा इतवारीला सायकलने येणाऱ्या माणसाला नागपूरचा नगरसेवक निवडता येत नाही. त्याचा हिशेब त्याच्या गावच्या निवडणुकीत. तिथे नगराध्यक्ष थेट मतदार निवडतात. महापालिकेत महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, आपल्या हाती फक्त नगरसेवक.

महापालिकेच्या हद्दीत असाल तर प्रभाग क्रमांक शोधा. २०१७ आणि २०२६ या दोन्ही वेळी ३८ प्रभाग होते आणि नगरसेवक १५१. म्हणजे सदतीस प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात तीन. प्रभागाच्या सीमा प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने ठरू शकतात. प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की नकाशा नीट पाहा, कारण तुमच्या रोजच्या रस्त्याच्या डाव्या बाजूचा प्रभाग एक आणि उजव्या बाजूचा दुसरा, असं सर्रास असतं. मग त्या रस्त्याची जबाबदारी आठ जणांत विभागली जाते. माझ्या मते असा सीमेवरचा रस्ता पकडून प्रचारात दोन्ही बाजूंच्या उमेदवारांना एकाच वेळी विचारणं सगळ्यात फायद्याचं, कारण नंतर ‘तो आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर दोघांनाही देता येत नाही.

२. यादीत नाव, आणि तेही बरोबर पत्त्यावर

महापालिकेची वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेच्या यादीत नाव असेल तरच ते प्रभागाच्या यादीत येतं. नवीन नावासाठी नमुना ६ भरायचा. घर बदललं, नावात किंवा पत्त्यात चूक आहे, ओळखपत्र हरवलं, अशा सगळ्या कामांसाठी नमुना ८. हे अर्ज निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) देता येतात. अडचण आली तर १९५० या क्रमांकावर फोन लावा. वयाची अठरा वर्षं मोजण्यासाठी आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. बारावीच्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं. वाढदिवसाच्या महिन्यातच अर्ज भरून टाकलेला बरा.

पत्त्याचा पुरावा म्हणून आधार कार्ड, बँकेचं पासबुक, विजेचं किंवा पाण्याचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार चालतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालता येतं, त्यासाठी संस्थेचा दाखला लागतो. ज्याला घरच नाही, जो दुकानाच्या ओट्यावर किंवा बांधकामाच्या जागी झोपतो, त्यालाही मताचा हक्क आहे. बीएलओने रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथेच राहतो याची खात्री करायची असते. हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. एखाद्या सायकल गटाला खरंच काही करायचं असेल, तर ठिय्यावरच्या माणसांचे अर्ज भरून देण्याइतकं उपयोगाचं दुसरं काम नाही.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. सायकलवर मजुरीला जाणारे बरेच जण भंडारा, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडचे असतात आणि त्यांचं नाव गावच्या यादीत असतं. कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. गावात घर आहे, म्हातारे आईवडील आहेत, रेशन तिथलं आहे, पेरणीला आणि कापणीला तिथे जाता, तर नाव तिथेच राहू द्या. त्यात गैर काही नाही. पण बायकोमुलांसकट दहा वर्षं इथे राहत असाल, मुलं इथल्या शाळेत जात असतील आणि गावाला फक्त पोळ्याला जात असाल, तर नमुना ८ भरून नाव इथे आणा. दोन्हीकडे नाव ठेवण्याची लबाडी करू नका. २०२५ च्या यादीत संशयित दुबार नावांपुढे दोन चांदण्या छापल्या होत्या आणि अशा मतदारांना कुठे मत देणार हे लिहून द्यावं लागत होतं. मतदान केंद्रावर रांगेत उभं राहून ही अडचण निस्तरत बसणं वैतागाचं असतं.

प्रारूप मतदार यादी जाहीर होते तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत आपलं आणि घरच्यांचं नाव कोणत्या प्रभागात आहे ते पाहा. या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही. लेखनिकाची चूक, विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभाग यादीत गळणं आणि नाव भलत्याच प्रभागात जाणं एवढ्याच गोष्टी दुरुस्त होतात. तिसरी चूक सायकलवाल्याला सगळ्यात महाग पडते. तुम्ही ज्या रस्त्यासाठी झगडता, त्याच्याशी देणंघेणं नसलेल्या चार जणांना तुमचं मत जातं.

३. रस्ता कुणाचा, हे शोधून काढा

या पायरीला घाई करू नका. सायकलवाल्यांची बहुतेक गाऱ्हाणी चुकीच्या दारात जातात म्हणून वाया जातात.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत रस्ते आणि पूल ही नागरी स्वराज्य संस्थांची कामं म्हणून नोंदलेली आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ती आली. दिवाबत्ती आणि वाहनतळही त्याच यादीत आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. प्रत्यक्षात मात्र नागपूरच्या रस्त्यांना अनेक मालक आहेत. महापालिका आहे, नागपूर सुधार प्रन्यास आहे, सार्वजनिक बांधकाम विभाग आहे, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आहे. मेट्रोचं काम चाललं तिथे महामेट्रोही आली. वर्धा रोड, अमरावती रोड, कामठी रोड अशा मोठ्या मार्गांवर तुकड्यातुकड्याने मालक बदलतो. सुधार प्रन्यासाच्या ५७२ आणि १९०० ले-आऊटमध्ये राहणाऱ्यांना तर गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) कुणाची आणि रस्ता कुणाचा हे विचारत वर्षानुवर्षं फिरावं लागलं आहे.

शोधायची रीत सोपी आहे. घरापासून निघून पहिले दोन किलोमीटर हळू सायकल चालवा आणि जिथे ब्रेक दाबावा लागला, उतरावं लागलं किंवा जीव मुठीत धरावा लागला, त्या जागा वहीत टिपा. खांबाचा क्रमांक, दुकान, मंदिर, शाळा, अशी ठळक खूण लिहा. हीच फेरी एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा पावसात करा, कारण दिवा नसलेला कोपरा आणि पाण्याखाली गेलेला खड्डा दुपारी दिसत नाही. मग आपल्या झोन कार्यालयात जाऊन अभियंत्याला विचारा की ही जागा तुमच्या ताब्यात आहे का. महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दोनच प्रश्न विचारा: या रस्त्याची देखभाल कुणाकडे, आणि कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो. तो कालावधी शिल्लक असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते, महापालिकेचा पैसा लागतच नाही.

४. एकच मागणी ठरवा

मे २०१४ मध्ये लंडनच्या बरो कौन्सिलांच्या निवडणुका होत्या. तिथल्या ‘लंडन सायकलिंग कॅम्पेन’ या संघटनेने ‘स्पेस फॉर सायकलिंग’ नावाची मोहीम काढली. शहरभरासाठी एक जाहीरनामा छापून ती थांबली नाही. सहाशेहून अधिक वॉर्डांपैकी प्रत्येकासाठी तिथे राहणाऱ्या सायकलवाल्यांकडून एक-एक नेमकी मागणी ठरवून घेतली. या चौकात वळण सुरक्षित करा, या गल्लीतून मोटारींची आडवाट बंद करा, अशा स्वरूपाची. मग त्या-त्या वॉर्डातल्या उमेदवाराला विचारलं की याला तुमचा पाठिंबा आहे का, हो की नाही. ही पद्धत नागपूरच्या प्रभागांना चपखल बसते, कारण आपला नगरसेवक शहराचं वाहतूक धोरण एकट्याने बदलू शकत नाही, पण आपल्या प्रभागातलं एक झाकण, एक दिवा, एक वळण नक्की बदलू शकतो.

मागणी कशी असावी? ‘नागपूर सायकलस्नेही करा’ यावर कुणीही हो म्हणतं आणि नंतर कुणालाच जाब विचारता येत नाही. त्याऐवजी सिमेंटचा रस्ता आणि कडेचे गट्टू यांच्यामध्ये पडलेली फट बुजवा, असं म्हणा. मोटारीच्या चाकाला ती फट जाणवतही नाही. सायकलचं बारीक चाक मात्र तिच्यात अडकतं आणि माणूस वाहत्या रस्त्यावर फेकला जातो. गडरचं झाकण रस्त्याच्या पातळीला आणा. पावसाळी नालीच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने आहेत, त्या आडव्या बसवा. शाळेच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत दिवे लावा. आठवडी बाजाराजवळ सायकली कुलूप लावून ठेवता येतील असा लोखंडी स्टँड द्या. यातली कोणतीही एक. पाच मागितल्या तर सगळ्यात सोपी तेवढी होईल आणि तिचा फलक लागेल.

सायकल ट्रॅक मागावा का? मागावा, पण एकट्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे नव्हे. २०२० मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी मोहिमेने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा जाहीर केली, त्यात नागपूर उतरलं आणि निवडलेल्या शहरांत गणलंही गेलं. काम स्मार्ट सिटी कंपनीकडून व्हायचं होतं. पण रस्त्यावर रंगवलेली पट्टी गाड्या उभ्या करायची जागा होऊ नये, यासाठी त्या-त्या भागातल्या कुणीतरी रोज तिच्यावर हक्क सांगावा लागतो, आणि तो हक्क सांगण्याचं काम लोकनियुक्त माणसाचं आहे. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सायकल आराखड्याला मंजुरी दिली. सभागृहाचं मत असं कामी येतं. म्हणून दोन पातळ्यांवर विचारा: प्रभागातलं एक काम, आणि सभागृहात सायकल आराखडा आला तर हात वर करणार का.

५. उमेदवारांना गाठा

प्रभागात चार जागा असतात: अ, ब, क, ड. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, काही अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गासाठी. आरक्षणाची सोडत निघाली की कोणत्या जागेवर कोण उभं राहू शकतं ते स्पष्ट होतं. चारही जागांच्या उमेदवारांना तोच प्रश्न विचारा. महिला उमेदवारांकडे पतीच बोलायला पुढे आला, तर नम्रपणे सांगा, ‘ताईंशी बोलायचं आहे.’ शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलींच्या रस्त्यावरचा दिवा हा विषय त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

पदयात्रा संध्याकाळी आपल्या गल्लीतून जाते, तेव्हा पाच-सहा सायकली घेऊन दाराशी उभं राहा. भांडायला जाऊ नका. ‘भाऊ, शाळेजवळच्या वळणावर गडरचं झाकण खाली गेलं आहे, पोरं पडतात. पहिल्या सहा महिन्यांत करून द्याल का?’ एवढंच. ‘होऊन जाईल जी’ असं उत्तर येईल. त्यावर वही पुढे करा आणि नाव, तारीख, सही मागा. सही न देणाऱ्याला दोष देऊ नका, पण कुणी दिली आणि कुणी नाही हे मोहल्ल्यात सांगा. उमेदवाराच्या शपथपत्रावरही नजर टाका. मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे त्यात नोंदलेले असतात.

आचारसंहितेच्या काळात महापालिका नवीन काम जाहीर करू शकत नाही, पण उमेदवार आश्वासन देऊ शकतो. त्याने स्वतःच्या पैशाने गटाला जर्सी, हेल्मेट किंवा सायकलीच देऊ केल्या, तर हात जोडून नको म्हणा. मतासाठी वस्तू घेणं हा गुन्हा आहे, आणि ज्या रस्त्यावर ते हेल्मेट घालायचं तो रस्ता मागण्याचा हक्क तिथेच संपतो.

आणखी एक खबरदारी. सायकल हे समाजवादी पक्षाचं निवडणूक चिन्ह आहे. तुमच्या प्रभागात त्या चिन्हावर कुणी उभं असेल, तर सायकलचं चित्र असलेले फलक आणि टी-शर्ट प्रचार समजले जाऊ शकतात. आपल्या पत्रकावर सायकलचं चित्र न घालता झाकणाचा किंवा फटीचा फोटो छापा.

६. मतदानाचा दिवस

जानेवारीत महापालिकेचं मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच असं होतं. साडेपाचला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, मग कितीही वेळ लागो. निवडणुकीच्या क्षेत्रात कामगारांना भरपगारी सुटी देण्याचा किंवा ते शक्य नसेल तर मतदानापुरती सवलत देण्याचा सरकारी आदेश निघतो. पाळीला जाणाऱ्याने तो आदेश मुकादमाला आदल्या दिवशीच दाखवावा. रोजंदारीवाल्याला सुटी म्हणजे बुडालेली मजुरी. त्याने साडेसातला केंद्र उघडताच मत देऊन ठिय्यावर जाणं बरं.

सोबत मतदार ओळखपत्र घ्या. ते नसेल तर आधार, पॅन कार्ड, पारपत्र, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी काहीही चालतं. वाहन परवानाही चालतो, पण सायकलला परवाना लागत नाही, तेव्हा अनेक सायकलवाल्यांकडे तो नसतोच. हे घरून निघतानाच लक्षात घ्या. घरी आलेली मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, तिचा उपयोग यादीतला क्रमांक पटकन सापडण्यापुरता. मतदान कक्षात मोबाइल नेता येत नाही. हँडलला मोबाइल लावून फिरणाऱ्यांनी तो घरी ठेवावा किंवा सोबतीकडे द्यावा. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही. सायकल बाहेर कुलूप लावून उभी करा. उमेदवाराच्या माणसाने गाडीत बसवून न्यायची तयारी दाखवली तरी आपण आपल्या सायकलने जावं. शेजारच्या आजोबांना डबलसीट नेऊ नका, त्यांच्यासाठी ऑटो करा.

आत गेल्यावर डाव्या तर्जनीला शाई लागते, सही होते आणि यंत्रापुढे जायचं. विधानसभेला एक बटण दाबून संपतं, इथे चार मतं आहेत आणि इथेच लोक गोंधळतात. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते: अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. प्रत्येक रंगात एकच बटण दाबायचं. चारही झाल्यावर यंत्राचा लांब आवाज येतो. तो आला नाही तर एखादी जागा राहिली आहे, मागे वळू नका. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर त्या रंगाखालचं ‘नोटा’ दाबा, पण ती जागा सोडून देऊ नका. विधानसभेसारखी चिठ्ठी दाखवणारं यंत्र इथे नसतं, म्हणून बटणाजवळचा दिवा लागला का हे स्वतः पाहा.

चारही मतं एकाच पक्षाला द्यायला हवीत असा नियम नाही. ‘पॅनल टू पॅनल’ असं कार्यकर्ते सांगत राहतात. माझं मत वेगळं आहे. ज्याने वहीत सही केली आणि ज्याच्या बोलण्यावर विश्वास बसला, त्याला त्याच्या रंगात मत द्या, पक्ष कोणताही असो. चार वेगवेगळ्या पक्षांचे नगरसेवक आले तर काम अडेल, अशी भीती घातली जाते. ती अगदीच खोटी नाही, निधीवरून खेचाखेची होते. पण एका झाकणासाठी चौघांपैकी एकानेही पुढाकार घेतला तरी पुरतं.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं आढळलं, तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मताची मागणी करा. ओळख पटवून दिली की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते.

७. निकालानंतर

निवडून आलेले चार जण हार-तुरे आटोपून मोकळे झाले की सगळ्यांना एकत्र एक पत्र द्या. सही केलेल्या वहीच्या पानाची प्रत जोडा. त्याच पत्राची प्रत झोनच्या सहायक आयुक्तांना. पैसा अर्थसंकल्पातून येतो. तो आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात, सोळा जणांची ही समिती त्यात भर-कपात करते आणि समितीचे अध्यक्ष तो सभागृहात नेतात. म्हणून तुमची मागणी जानेवारीच्या आत झोनच्या कागदावर चढायला हवी. पुढे अर्थसंकल्पात त्या कामासाठी पैसे पडले का ते नगरसेवकाला विचारा. महाराष्ट्राच्या कायद्यात नगरसेवकाने क्षेत्रसभा घेण्याचीही तरतूद आहे. ती सहसा होत नाही, मागणीच नसते म्हणून. लेखी मागा.

काम होईपर्यंत कुणी पडलं, तर त्याचीही नोंद करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी झाकणं यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. जागेचा फोटो, दवाखान्याचा कागद आणि पोलीस ठाण्यातली नोंद, ही तीन कागदपत्रं त्याच दिवशी करून ठेवावी लागतात. सायकलवरून पडलेला माणूस बहुतेकदा उठतो, धूळ झटकतो आणि कामाला जातो. त्याला थांबवून दवाखान्यात नेणं हे सोबतच्याचं काम आहे.

पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यायला विसरू नका. शिक्का देणाऱ्या टेबलावर गर्दी असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुटीनंतर जा. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने त्याच क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र टाका, आणि पुढची मतदार यादी लागेपर्यंत सगळी पत्रं एकाच फायलीत ठेवा.